सात नंबरच्या पार्किंगमधला डोंगा

विक्कीने अर्ज खरा लिहिला होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे अख्ख्या अपार्टमेंटने त्याला लबाड ठरवलं. अर्जात एवढंच होतं: 'माझ्या आईचा एक जुना लाकडी डोंगा गावाहून आणत आहे. घरात जागा नाही. तरी माझ्या सात नंबरच्या पार्किंगमध्ये ठेवण्याची परवानगी द्यावी. डोंग्यापासून कोणाला त्रास होणार नाही.' आता यात खोटं काय आहे, तुम्हीच सांगा. लांबी लिहिली नाही म्हणाल, तर अर्जाच्या नमुन्यात लांबीचा रकानाच नव्हता.

सेक्रेटरी श्रीहरीसाहेब मूळचे पुण्याकडचे. बँकेच्या बदलीवर चंद्रपूरला आले, इथेच रिटायर झाले, पण बोली पुण्याचीच राहिली. त्यांच्या घरी डोंगा म्हणजे टेबलावर रस्साभाजी वाढायचं झाकणाचं भांडं. आमच्याकडे डोंगा म्हणजे नाव, नदीत टाकायची, दोन माणसं आणि एक जाळं मावेल अशी. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. पार्किंगच्या कोपऱ्यात एक भांडं ठेवायला लेखी परवानगी मागणारा माणूस त्यांनी बँकेतल्या पस्तीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी खाली लिहिलं, 'हरकत नाही. सभासदाचा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे,' सही ठोकली आणि एक प्रत नोटीस बोर्डावर लावली.

विक्कीने बोर्ड वाचला आणि बायकोला, स्वातीला, विचारलं की हे अनुकरणीय म्हणजे काय. तिने सांगितलं. एका डोंग्यासाठी एवढं कौतुक जरा जास्तच आहे, असं त्याला वाटलं, पण पुण्याची माणसं लिहिताना असंच लिहीत असतील म्हणून त्याने सोडून दिलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी टेम्पो आला. डोंगा मागून पाच फूट बाहेर, टोकाला लाल फडकं बांधलेलं. श्रीहरीसाहेब गॅलरीत चहा पीत होते. कप तसाच हातात घेऊन ते खाली आले. तोवर सहा माणसांनी डोंगा उतरवून सात नंबरमध्ये विटांवर ठेवला होता. पंधरा फूट डोंगा, सोळा फूट जागा. विक्कीची मोटारसायकल आडवी करून भिंतीला लावली होती.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"डोंगा," विक्की म्हणाला.

"मी डोंग्याला परवानगी दिली होती."

"हो साहेब. हाच तो."

"अहो, डोंगा म्हणजे भाजीचा डोंगा."

टेम्पोच्या केबिनमधून विक्कीची आई, अंजनाबाई, उतरत होती. "भाजीचा नाई बाप्पा," ती म्हणाली, "मासोळ्याचा होय."

परवानगी मागे घ्यायची तर मीटिंग बोलवावी लागली असती, आणि मीटिंगमध्ये बारा फ्लॅटच्या माणसांसमोर साहेबांना सांगावं लागलं असतं की मला ते भांडं वाटलं. साहेबांनी थंड झालेला चहा तिथेच संपवला आणि वर गेले. बोर्डावरची नोटीस त्यांनी संध्याकाळी काढून टाकली. पण ज्यांना वाचायची होती त्यांनी ती वाचली होती.

आता डोंगा गावी सोडून शहरात फ्लॅटखाली आणायची काय गरज, असं कोणीही विचारेल. अपार्टमेंटमध्ये सगळ्यांनी विचारलंच.

चामोर्शीजवळ नदीकाठी विक्कीचं गाव. घर ढिवराचं. बाप देवराव जन्मभर वैनगंगेत जाळं टाकून जगला. हा सागाच्या फळ्यांचा डोंगा त्याचाच. डिसेंबरातल्या एका सकाळी तो जाळं काढायला गेला आणि डोंग्यातच बसल्या जागी गेला. अंजनाबाई काठावर होती. डोंगा वाहत चालला तेव्हा तिला वाटलं, याला झोप लागली असेल. मग ती छातीइतक्या पाण्यात शिरली आणि दोराने डोंगा ओढत आणला. विक्की तेव्हा ऊर्जानगरला पॉवर हाउसमध्ये पहिल्या पाळीला होता, मोबाइल लॉकरमध्ये. पाळी सुटल्यावर त्याने लॉकर उघडलं तर तेवीस कॉल. तो गावी पोचला तेव्हा नदीकाठी चितेत नुसते निखारे होते. त्या दिवसापासून फोन वाजला की तो हातातलं टाकून धावतो. स्वातीने भाजी आणायला केलेला फोन असला तरी धावतो.

म्हणून त्याने आईच्या मागे लागून लागून तिला चंद्रपूरला राहायला यायचं कबूल करवलं. ती कबूल झाली, पण पुरी नाही.

"उन्हाळ्यापुरती येतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही 'येतो-जातो'च म्हणतात. "मृग लागाच्या आंधी वापस. आन डोंगा संग येईन."

उन्हाळ्यात डोंगा असा कुठेही टाकून देता येत नाही. कोरडा पडला की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून दर उन्हाळ्यात डोहात दगड भरून त्याला मुद्दाम बुडवून ठेवतात आणि पावसाच्या आधी वर काढतात. यंदा डोहातच गुडघाभर पाणी उरलं होतं. शिवाय अंजनाबाईचा दीर वारलू दोनदा येऊन फळ्या हाताने मोजून गेला होता. त्याला गोठ्याला दार करायचं होतं.

टेम्पोत विक्कीने आईला सहज विचारलं होतं, "आन समज, तिथी सांधे उघडलेच तं?"

"तं डोंगा गेला. आता नवा बनवनारा मिस्त्री हाये कुठी? मंग मी वापस जाऊन का करू, काठावर बसून पानी मोजू?"

हे उत्तर विक्कीच्या डोक्यात पक्कं बसलं. डोंगा राहिला तर आई जाणार, डोंगा गेला तर आई राहणार. इतका साधा हिशेब होता.

चंद्रपूरचा एप्रिल कसा असतो ते मी सांगायला नको. पंचेचाळीसच्या खाली पारा उतरला तर माणसं एकमेकांना फोन करून सांगतात. अंजनाबाईने डोंग्याला काठापर्यंत ओलं बारदान गुंडाळलं आणि आत वीतभर पाणी भरलं. रोज सकाळी ती दुसऱ्या मजल्यावरून पाणी खाली आणायची. सोसायटीने टँकर लावला होता, म्हणून पाईप लावायची सोय नव्हती. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, कपड्याचं शेवटचं खंगाळलेलं, सगळं बादलीत साठवून ती घेऊन उतरायची. लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून बोर्डावर नवी नोटीस लागली, तेव्हापासून जिन्याने. गुडघे तिचे तसेही कुरकुरत होते.

"आई, असू द्या ना एक दिवस," स्वाती म्हणायची.

"एक दिवसानं तेच बिघडते बाई."

महिन्याभरात महापालिकेची मोनाली आली, डासांच्या अळ्या तपासणारी. पार्किंगमध्ये विटांवर ठेवलेल्या नावेत पाणी भरलेलं तिने नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं. ती म्हणाली, हे साचलेलं पाणी आहे, उपसावं लागेल, नाहीतर मला लिहावं लागेल. अंजनाबाई दुसऱ्या दिवशी बाजारात गेली, मासे विकणाऱ्या बायांपैकी दोघी तिच्या ओळखीच्या निघाल्या, आणि पिशवीत पाणी घालून वीस-पंचवीस जिवंत बारीक मासोळ्या घेऊन आली. त्या तिने डोंग्यात सोडल्या. मोनाली पुन्हा आली, वाकून पाहिलं, एकही अळी नव्हती. रजिस्टरमध्ये असल्या गोष्टीला जागा नव्हती, म्हणून तिने 'मत्स्यटाकी, १' असं लिहिलं आणि गेली. लहान पोरं मग संध्याकाळी डोंग्याभोवती गोळा व्हायला लागली. नदीत माणूस डोंग्यात बसतो आणि मासे बाहेर असतात. इथे मासे डोंग्यात आणि माणसं बाहेर उभी. श्रीहरीसाहेबसुद्धा एकदा ब्रेडचे तुकडे घेऊन खाली आले, आणि कोणी पाहत नाही हे पाहून टाकून गेले.

विक्कीला हे सगळं बरंच वाटत होतं. आईचं मन रमतंय, असं तो स्वातीला म्हणाला. आणि त्याच धीरावर एका जेवणाच्या वेळी त्याने आईला विचारलं की इथेच काऊन राहत नाहीस, इथे काय कमी आहे.

"कमी काई नाई," ती म्हणाली. "तिथी उठली का काम असते. इथी उठली का चहा असते."

त्याने भात कालवला.

मे महिन्याच्या मधल्या आठवड्यात अंजनाबाईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही, पंधरा दिवस जिना चढायचा-उतरायचा नाही. त्यानंतरही जपून. काळा चष्मा लावून ती पलंगावर बसली आणि तिने विक्कीला समोर बोलावलं.

"रोज दोन बादल्या. बारदान आंधी ओलं कर, मंग आत टाक. दुपारची पाळी असन तं सकाळी, सकाळची असन तं आल्यावर. इसरू नको."

"नाई इसरत."

पहिल्या दिवशी त्याने दोन बादल्या टाकल्या. दुसऱ्या दिवशीही टाकल्या. तिसऱ्या दिवशी पाळीवरून आला, कंपनीच्या बसमधून उतरला, वरून बादली भरून आणली आणि डोंग्याजवळ उभा राहिला. उभाच राहिला. मग ती बादली त्याने गेटजवळच्या कण्हेरीला घातली.

सगळं त्याच्या हातून झालं, विसरून काही झालं नाही. आधी त्याने मासे मगाने धरून प्लास्टिकच्या ड्रममध्ये टाकले, कारण माशांनी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. मग डोंग्यातलं उरलेलं पाणी मगाने उपसून कण्हेरीला, तगरीला आणि गेटबाहेरच्या कडुनिंबाला घातलं. बारदान सोडून गच्चीवर वाळत टाकलं. वर गेल्यावर आईने विचारलं, "टाकलं काय पानी?" तो म्हणाला, "टाकलं." तेही खोटं नव्हतं. मी आधीच म्हटलं, हा माणूस खोटं लिहीत नाही आणि बोलतही नाही. पण त्या रात्री त्याला भाकर गेली नाही.

स्वातीला दुसऱ्याच दिवशी कळलं. मासे ड्रममध्ये पाहिल्यावर न कळायला ती काही सेक्रेटरी नव्हती.

"आईले विचारलं होतं काय?" तिने विचारलं.

"विचारलं तं नाई म्हनन."

"मंग तुम्ही डोंगा नाई वाळवून राह्यले. तुम्ही आईले वाळवून राह्यले."

"ते एकटी पडली तिथी आन काई झालं तं? तेवीस फोन, स्वाती. मी लॉकर उघडलं तं तेवीस."

स्वाती सासूला सांगायला गेली नाही. ते ज्याचं त्यानेच सांगावं, असं तिचं म्हणणं.

दहा दिवस पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर होता. विक्की रोज पाळीवर जाताना डोंग्याकडे न पाहता मोटारसायकलवरची धूळ पुसायचा आणि बसने जायचा. कण्हेर फुलली. श्रीहरीसाहेबांनी बोर्डावर झाडांची निगा राखणाऱ्या अज्ञात सभासदाचे आभार मानले. मोनाली येऊन गेली आणि 'पाणी नाही, समाधानकारक' असं लिहून गेली.

अकराव्या दिवशी अंजनाबाईने डॉक्टरांचं ऐकणं बंद केलं. विक्की पाळीवर होता, स्वाती वरच्या मजल्यावर पापड लाटायला गेली होती. अंजनाबाई जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरली आणि सात नंबरपाशी आली. काळा चष्मा काढला. नव्या डोळ्याने तिला सगळं स्वच्छ दिसलं. पण तिने डोळ्यावर भरवसा ठेवला नाही, हात फिरवला. डाव्या बाजूला, बुडाच्या वरच्या सांध्यात तिची करंगळी गेली. हातभर फट पडली होती. दुसरी एक त्याच्याखाली, बारीक.

ती डोंग्याच्या काठाला टेकून खाली पायरीवर बसली. साहेब येऊन गेले, काय मावशी बरं आहे का म्हणाले. ती हो म्हणाली. स्वाती शोधत आली, तिला पाहून थांबली आणि पाण्याचा तांब्या ठेवून वर गेली. तीन वाजता कंपनीची बस आली. विक्की गेटमधून आत आला आणि त्याने आईला पाहिलं.

"पानी कदी बंद केलं?" तिने विचारलं.

"तिसऱ्या दिवशी."

"काऊन?"

त्याने टिफिन खाली ठेवला. कारण सांगायला त्याच्याकडे खूप होतं, रात्री पडल्या पडल्या जुळवलेलं. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही.

"बाबा गेला तवा मी आलो तं काईच नव्हतं," तो म्हणाला. "त्याचं तोंड नाई पाह्यलं मी. मले तुह्या बाबतीत तसा फोन नाई पाह्यजे, माय. मले भेव वाटते."

तो रडत होता. चाळीस वर्षांचा माणूस, अंगात पॉवर हाउसचा निळा शर्ट. अंजनाबाईने त्याला रडू दिलं. तिला त्याचा राग आला होता आणि त्याची दयाही आली होती. पण त्यासाठी डोंगा वाळवणं तिला पटलं नाही.

"मले सांगाचं होतं," ती म्हणाली. "या डोंग्याचा का गुन्हा होता?"

"सांगतलं असतं तं राह्यली असती काय?"

तिने विचार केला. खरंच केला, नुसता दाखवायला नाही.

"नाई," ती म्हणाली. मग फटीत पुन्हा करंगळी घालून पाहत, "दहा दिवसाचा वाळलेला वापस येते. महिन्याचा नाई येत. जाय, डांबर आन. आन कापूस. सरकीचा नको, साफ पाह्यजे."

विक्कीला डोंग्याचं कामच येत नव्हतं. दहावीनंतर तो आयटीआयला गेला. बापाने शिकवायचं राहून गेलं आणि याने शिकायचं. सांधे उघडले की डोंगा गेला, एवढंच तो समजून बसला होता. फट बुजवता येते हे त्याला आज, पस्तावल्यावर कळलं. डांबर त्याने रस्त्याचं काम चाललं होतं तिथून डब्यात मागून आणलं. कापूस पॉवर हाउसमधल्या कोरपन्याच्या एका दोस्ताने घरून पिशवीभर आणून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. अंजनाबाईला वाकायची मनाई, म्हणून ती खुर्ची टाकून बसली आणि तोंडाने काम सांगू लागली. आधी फट साफ कर. कापूस पिळून वात कर. आता ठास, बोथट छिन्नीनं, जोर नको लावू, फळी फाटन. हं, आता डांबर. पातळ पाह्यजे, असं घट्ट नाई. वासाने पूर्ण पार्किंग भरलं. श्रीहरीसाहेब नाकाला रुमाल लावून तक्रार करायला आले आणि, कसं झालं कोण जाणे, दहा मिनिटांनी डांबराचा डबा पक्कडीत धरून उभे होते.

"जास्त टाकून राह्यला," अंजनाबाई म्हणाली. "बाबा तुहा एवढ्यात तीन सांधे भरत होता."

विक्कीने हात आखडता घेतला. काम खराब करणं त्याला अवघड नव्हतं. एक जागा पोकळ सोडली असती तरी कोणाला दिसलं नसतं. पण आई बाजूला बसून बापाचं नाव घेत होती आणि त्याच्या बोटांना आपोआप नीटच काम करावंसं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही फटी भरल्या. दोन दिवस वाळू दिलं. वर गेल्यावर बोटं रॉकेलने धुतली तरी काळीच राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंग्यात पाणी भरलं, काठापर्यंत. आज पहिल्यांदाच सोसायटीचा पाईप लागला, साहेबांच्या परवानगीने, लेखी. असं काठोकाठ पाणी भरून बुडाखाली पाहायचं असतं. एक थेंब जरी खाली आला तरी तो डोंगा नदीत टाकायचा नाही. हे वाकून, खरं तर आडवं पडूनच पाहावं लागतं, आणि अंजनाबाईला वाकायला अजून दोन आठवडे मनाई होती. मृगाला चार दिवस उरले होते. टेम्पोवाला कोलू रस्त्यावर गाडी लावून तंबाखू मळत होता. डोंगा गळत नसला तर आजच जायचं, आणि गळत असला तर टेम्पो रिकामा परत.

विक्की फरशीवर उताणा झाला आणि विटांच्या मधून डोंग्याखाली सरकला. वर काळं बूड, नाकापासून हातभर. त्याने भरलेले सांधे त्याच्या डोळ्यांसमोर होते. फरशी कोरडी होती. तो वाट पाहत राहिला. एक थेंब, देवा, तो मनात म्हणाला, एकच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्याने सांध्यावरून हात फिरवला, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात कोरडा आला.

बाहेर त्याला आईची पावलं दिसत होती, टाचांना भेगा पडलेली, चप्पल घालून जायला तयार. तिला खाली पाहता येत नव्हतं. तो जे सांगेल तेच तिला खरं मानावं लागणार होतं, आणि ती ते मानणार होती.

"गळते काय रे, बाबू?" वरून आवाज आला.

विक्कीने पुन्हा एकदा हात फिरवून पाहिला.

"नाई गळत, माय," तो म्हणाला, आणि काही वेळ तिथेच पडून राहिला.